नव्या यंत्राचं कपाळ

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कानडी मुलखातल्या होसकोट्याच्या एका वर्कशॉपमध्ये इंग्लंडचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायचे. तो घडवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्याच्या नावाची पितळी पट्टी मात्र अण्णा रोज पुसायचे. शेजारी जर्मन मशीन, पलीकडे जपानी. जगाचा इतिहास मी त्या शेडमध्ये डावीकडून उजवीकडे शिकले. बाकीचं शिक्षण युनियनच्या पत्रकांतून; अण्णांचा डबा त्यांतच गुंडाळलेला असे.

मग चिनी मशीन आलं. मालकांच्या गाडीवर चिनी मालावर बहिष्काराचा स्टिकर होता. तो त्यांनी काढला नाही, गाडी तेवढी शेडच्या मागे लावू लागले. दसऱ्यानंतर लेथ भंगारात जाणार होता. अण्णांचं काय, हे कुणी बोललं नाही, पण नव्या मशीनच्या ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

आयुधपूजेला मी भांडवलाविरुद्धचं पत्रक छापून नेलं. मालक भाषण करत होते, "इंग्लंड संपलं, जपान दमलं. आता आपली पाळी." हे ते चिनी मशीनवर हात ठेवून सांगत होते. टाळ्या पडल्या. माझ्या पत्रकांवर लोकांनी चुरमुरे घेतले.

यंत्रांना विभूती लावायचा मान दरवर्षी अण्णांचा. कुठल्या यंत्राचं कपाळ कुठे, हे त्यांना पाठ होतं. नव्याला ना पट्टी, ना दांडा. त्याच्या दाराशी डोळ्यांसारख्या दोन काळ्या काचा दिसल्या; त्यांवर त्यांनी ठसठशीत पट्टे ओढले, मध्ये कुंकू.

दसरा झाला आणि मशीन सुरू होईना. दारात माणूस उभा आहे, असं त्याच्या पडद्यावर येत राहिलं. कंपनीचा तंत्रज्ञ सकाळभर फोनवर होता. लेथची पट्टी काढून न्यायला आलेल्या अण्णांनी ते पाहिलं, फडकं ओलं केलं, काचा पुसल्या. मशीन सुरू झालं.

"अण्णा, हे तुम्ही केलंत?" मालकांनी विचारलं.

"मी पूजा केली, सर. बंद ते आपलं आपण पडलं."

"पुढच्या वर्षी विभूती स्वल्प कमी लावा."

"पुढच्या वर्षी मी असेन का?"

मालकांनी फोन धरून उभ्या तंत्रज्ञाकडे पाहिलं, मग अण्णांच्या फडक्याकडे. "सरी, ठीक आहे. सोमवारपासून ट्रेनिंगला या."

लेथ गेला. अण्णा आता आधी काचा पुसतात, मग बटण दाबतात. घरी मी त्यांना म्हटलं, हा तर श्रमिकांचा विजय.

"नोकरी आहे ती," अण्णा म्हणाले. "तुझी पत्रकं उरलीत ना? दे. कागद बरा आहे, काचेवर ओरखडा उठत नाही."