आण्णासाहेबांचे सत्तर टक्के

माकणीच्या शिवकांता नावाच्या पोरीनं तीन वर्षं खपून एक लायब्ररी लिहिली होती. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा छोटासा कोड. मेमरी किती भरली, प्रोसेसरवर ताण किती, एवढंच तो कोड ऑपरेटिंग सिस्टीमला विचारून सांगे. ओपन सोर्स, कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तो वापरत. एकदा आकडा अर्ध्या टक्क्यानं चुकला, तर शिवकांता दोन दिवस धड जेवली नव्हती.

पोटासाठी मात्र ती लोहाऱ्यात आण्णासाहेबांच्या ऑनलाइन परीक्षा केंद्रावर नोकरी करी. कॉम्प्युटर चालू असला की दिवा लागतो, एवढंच त्यातलं आण्णासाहेबांना कळे. कुठल्याशा लिलावातून उचललेला त्यांचा सर्व्हर दोनशे जण बसले की धापा टाके. भिंतीवरच्या पडद्यावर शिवकांताची लायब्ररी ते बिनचूक दाखवी: मेमरी सत्त्याण्णव टक्के भरलेली.

आणि आता तपासणीला साहेब येणार होते. केंद्राची मान्यता त्यांच्या सहीवर होती.

“सत्तरच्या वर आकडा जाऊ देऊ नको,” आण्णासाहेबांनी फर्मावलं.

“आकडा खाली आणून मेमरी कशी वाढंल, आण्णासाहेब? परीक्षेत पोरांचे कॉम्प्युटर अडकतील.”

“लई शानपना नको. नोकरी करायची का न्हाय?”

तिनं साफ नकार दिला. मग त्यांचा पुतण्या रणधीर पुढं सरसावला. पुण्यातला सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट टाकून आलेला हा तज्ज्ञ. कोड उघडाच होता. त्यानं त्यात एक ओळ घुसडली: सत्तरच्या वर काहीही आलं, तरी सत्तरच दाखवायचं. काका-पुतण्याची सगळी अक्कल त्या एका ओळीत मावली.

साहेब आले. हारतुरे झाले, नाश्ता झाला, दोनशे पोरं बसवून चाचणी सुरू झाली. पडद्यावर सत्तर. शिवकांताच्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी गेली तर गेली, असं म्हणून ती उभी राहिली.

“साहेब, हा आकडा खोटा आहे.”

साहेबांनी चष्मा सारखा केला. “दिसतंय मला. तासभर झाला, सत्तर म्हणजे सत्तरच. आण्णासाहेब, थोडा हलता ठेवायचा की! अडुसष्ट, एकाहत्तर, असा. वरच्यांना संशय येतो अशानं.”

आणि त्यांनी सही ठोकली.

शिवकांतानं पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँडची वाट धरली. आण्णासाहेब दारापर्यंत धावत आले.

“अगं ए, जाताना तेवढं हलतं करून जा की! रणधीरला येत न्हाय ते.”