उशिरा येणाऱ्यांचा सण

शेजारच्या रेजिनामावशींनी ओटीवर नाताळचा गोठा मांडला होता, पण त्यातले तीन राजे दूर खिडकीत उभे होते. रोज प्रार्थना झाली की मावशी त्यांना वीतभर पुढं सरकवत. बाळ येशूच्या दर्शनाला ते बारा दिवसांनी पोचतात, तेव्हा कुठं नाताळ संपतो.

"मावशी, गल्लीतल्या सगळ्यांनी कंदील उतरवले की," मी म्हटलं.

"उतरवू देत. माझा पास्कू यायचाय अजून."

त्यांचा मुलगा पास्कू शहरात, मॉलमध्ये कपडे विकतो. नाताळचा सेल म्हणून त्याला नाताळची रजा नाही! या निर्लज्जपणावर मी पत्रक काढलं, मॉलच्या दारात उभं राहून वाटलं. लोकांनी ते घेतलं आणि खरेदीच्या पिशवीत कोंबलं.

हा सण बारा दिवसांचा ज्यानं केला, त्याला माणसं ठाऊक असणार. कुणाची वाट लांबची, कुणाचा मालक नालायक. उशीर झालेल्यालाही सण मिळावा, एवढी माया या दिवसांत आहे. राजेसुद्धा उशिराच आले होते ना!

आज राजे गोठ्यापाशी पोचले. दुपारी पास्कूचा फोन आला, सेल आणखी आठवडाभर वाढवलाय. मावशी एवढंच म्हणाल्या, "बरं. जेवलास ना?"

मग आतून करंज्यांचा डबा आणून त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"खा बाबा तू. त्याच्यासाठी ठेवल्या होत्या, आता मऊ पडतील."