कम्प्युटरने खाल्लेलं नाव

सानगडीजवळच्या आमच्या गावातल्या मच्छीमार संस्थेत मी कारकून म्हणून उभी हयात काढली. तिथे संगणकाचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. दसऱ्याला जाळ्यांसोबत त्यालाही हळदकुंकू लागे, पुढे नारळ फुटे. त्या नारळाचं कारण मी होतो, ते आज लिहून ठेवतो.

आमच्या तलावात जाळं टाकायचा हक्क फक्त सभासदाला. एक सभासद वारला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्या जागी आपलं नाव लावावं म्हणून अंगठा उठवून अर्ज दिला. मी तो स्कॅन करून संगणकात ठेवला. ती जागा तेव्हाच्या अध्यक्षांना साळ्यासाठी हवी होती. तसं ते बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बाबू, तो अर्ज हाये का अजून?"

मी कागद चुलीत घातला, संगणकातली प्रत कचरापेटीत टाकली आणि बाईला सांगितलं, "कम्प्युटरनं नाव खाल्लं."

गावाला पटलं. माणसाचं नाव घेतलं असतं तर चौकशी झाली असती. अर्जाची मुदत टळली, जागा साळ्याला गेली. बाई दुसऱ्यांच्या जाळ्यातली मासळी निवडायला मजुरीने जाऊ लागली. दर दसऱ्याला मात्र नारळ घेऊन येई आणि हात जोडून संगणकाला म्हणे, "बापा, आता कोनाचं नाव खाऊ नको." आरतीचं ताट माझ्या हातात असे.

यंदा तो संगणक आचके देऊ लागला. नव्या कमिटीने भंडाऱ्याहून एक इंजिनीअर मुलगी बोलावली. जुना पासवर्ड मलाच ठाऊक, म्हणून निवृत्त असूनही मला बोलावणं आलं. ती म्हणाली, जुन्या संगणकाची अख्खी नक्कल काढून ती नव्याच्या आत चालवायची, मग डबा भंगारात गेला तरी हरकत नाही. दुपारपर्यंत नव्या पडद्यावरच्या एका चौकटीत आमचा जुना संगणक उघडला.

"सगळं आलं?" मी विचारलं.

"जसंच्या तसं, काका. तुमची कचरापेटी बी आली. काहून जी, कधी खालीच नाही केली?"

टाकलेलं आपोआप जातं, अशी माझी समजूत होती. पेटीत एकच वस्तू होती, टाकल्याच्या तारखेसकट.

"करून देऊ खाली?"

तिचं बोट बटणावर होतं. 'कर' म्हटलं असतं तर मी सभ्य माणूस म्हणून मेलो असतो.

"नको," म्हटलं. "छाप."

बाई तलावाच्या पाळीवर मासळी निवडत होती. कागद दाखवून मी सगळं सांगितलं. तिला वाचता येत नाही, पण अंगठा तिने ओळखला.

"मंजे इतकी वर्सं मी त्या गरीब डब्ब्याले नारळ फोडून राहिली होती?"

"हो."

"आन परसाद तुम्ही खात होते जी!"

मी कागद तिच्या हातात दिला.

"मले एकटीले नोका सांगू. सभेत सांगा."

सभेत सांगितलं. थोडी कुजबुज झाली, मग तिला सभासद करून घ्यायचा ठराव झाला. नवा कारकून संगणकात नाव चढवत असताना ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती.

"दोन परती छापून दे, बाबू," ती त्याला म्हणाली. "एक माह्यापाशी राहू दे. हे जुने बाबू अजून गावातच हायेत."