चालत्या घड्याळाची खंडेनवमी

मुलुंडच्या त्या सोसायटीतल्या निवृत्तांनी जुनी घड्याळं दुरुस्त करायचा गट काढला, तेव्हा पाच सभासद होते. चौघांना घड्याळांविषयी उत्तम बोलता येत होतं. पाचवा धाकू परब. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर. साहजिकच काम त्याच्याकडे आलं.

पहिलं घड्याळ नलिनीबाईंच्या माळ्यावरचं, जर्मन बनावटीचं. त्याचा लंबक झुलत नाही. केसाएवढ्या पोलादी पट्टीला टांगलेले चार पितळी गोळे सावकाश गिरकी घेतात, थांबतात, उलटे फिरतात. एकदा चावी दिली की वर्षभर बघायला नको. धाकूनं मात्र पाच महिने बघितलं. पट्टी जराशी सरकवली की फरक कळायला दोन दिवस लागत.

"जावयाचो रुसवो परवडलो," तो बायकोला म्हणायचा. "पण आता चल्ता हा, मालन. कोणी हात नाय लावलो आणि वर्सभर चाललां, तर माझां काम खरां."

घड्याळ चालू झाल्याच्या तेविसाव्या दिवशी खंडेनवमी आली. अध्यक्ष दळवीसाहेब झेंडूची माळ घेऊन क्लबहाउसात हजर.

धाकू धावला. "साहेब, आधी हा खटका लावू, गोळे थांबतील. कारखान्यात आम्ही मशीन बंद करूनच हळदकुंकू लावायचो. आज त्याची सुट्टी."

"बंद घड्याळाची पूजा? अपशकुन रे! आणि व्हिडिओत फिरताना नको दिसायला?"

"मग माळ वरच्या काचेच्या घुमटावरून घाला."

"यार धाकू, देवाच्या कामात कसलं टेक्निकल काढतोस?"

काच उचलली गेली. चारही गोळ्यांना कुंकू लागलं, वर माळ पडली. गोळे अडखळले, तसं दळवींनी मदत म्हणून बोटानं ढकललं. पट्टी तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. गोळे पेढ्यांच्या ताटात पडले.

"माझ्या सासऱ्यांचं घड्याळ!" नलिनीबाई ओरडल्या.

"पट्टी नीट बसवली नव्हतीस का रे?" दळवी म्हणाले, आणि सगळ्यांनी धाकूकडे पाहिलं. ग्रुपवर व्हिडिओ आला तो माळ पडेपर्यंतचाच.

दुसऱ्या दिवशी दळवी आपट्याची पानं घेऊन धाकूच्या दारात. "सोनं घे. झालं गेलं विसर. नवी पट्टी मागवतोय, तूच बसव. फक्त या वेळी नीट हं!"

धाकूनं पान घेतलं, रीतीप्रमाणे आपलंही दिलं. "साहेब, दुसरो फिटर बघा."

"रागावलास? अरे, छंद आहे हा!"

"तुमचो," धाकू म्हणाला.

तेव्हापासून तो दुपारी जेवून भिंतीकडे तोंड करून झोपतो. मालन शेजारणींना कौतुकानं सांगते, "बरां झालां बाई, घड्याळ सुटलां, माणसांत इले एकदाचे."