शिकारीचं धनुष्य आणि खलीलभाईंची टाकी

आखाती युद्धात रियाधवर पहिला हल्ला मी केला, आणि तोसुद्धा युद्ध सुरू व्हायच्या आधी.

हेतू मात्र शंभर टक्के संरक्षणाचा होता. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्यापासून माझे सासरे आप्पा दर शुक्रवारी साताऱ्याहून फोन करायचे. आप्पा म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार. फोनवरसुद्धा मी ताठ उभा राहून बोलायचो.

"जावईबापू, पोरीला इकडं लावून द्या! तुमच्या घरात संरक्षणाची व्यवस्था काय?"

(व्यवस्था अशी: बॅडमिंटनची एक रॅकेट आणि माझ्या बायकोचं, नलूचं, लाटणं.)

आमच्या कंपनीनेही बायकामुलांना परत पाठवायची सोय केली होती. जाणाऱ्यांची नावं शनिवारी कळवायची होती. नलूचं काही ठरेना. तिला बाप तिकडून ओढत होता, नवरा इकडून. मला ती जायला अजिबात नको होती. त्या घरात एकट्याने ताट वाढून घ्यायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण हे आप्पांना कोण सांगणार? त्यांना शस्त्र हवं होतं.

आणि शस्त्र चालून आलं! ऑफिसातला बिल नावाचा अमेरिकन इंजिनिअर घाईघाईने मायदेशी पळाला, आणि जाताना एक लांबलचक खोकं माझ्या हवाली करून गेला. आत कोरं करकरीत शिकारीचं धनुष्य! दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून आडव्यातिडव्या गेलेल्या दोऱ्या. सोबत सुट्या सामानाची अख्खी पेटी. यातलं हवं ते निवडून आपलं आपण बसवायचं असतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

"येतं का तुम्हाला?" नलूने विचारलं.

"अगं, मी पदवीधर आहे!"

(वाणिज्य शाखेचा. पण ते तिला माहीत होतं.)

पेटीत नेम धरायची रंगीत टाचण्यांची चौकट होती. बाण टेकवायची टेकणं तीन तऱ्हेची होती. हात थरथरू नये म्हणून पुढे लावायचा दांडा होता, बाणांचा भाता होता, दोरीत बसवायची डोळ्याएवढी कडी होती. आता यातलं निवडायचं काय? मी पडलो हिशेबनीस. शिल्लक उरलेली मला बघवत नाही. एकावर एक टेकणं बसत नाहीत म्हणून दोन राहिली, बाकी सगळं मी लावून टाकलं!

"हे धनुष्य आहे की रुखवत?" नलू म्हणाली.

माझी कन्या पिंकी इंडियन स्कूलमध्ये शिकत होती. ती म्हणाली, "पापा, इट लुक्स लाइक टीव्ही अँटेना!"

मी दुर्लक्ष केलं. कलावंताला घरात किंमत नसतेच.

खरी अडचण पुढेच होती. डाव्या हातात धनुष्य धरून उजव्या हाताने ओढावं, तर दोरी बोटभरही हलेना. मग पुस्तिकेत बघून मी वरखालचे बोल्ट सारखे सारखे सैल करत गेलो, माझ्या ताकदीला साजतील इतके. (म्हणजे बरेच!) आता दोरी आधी कुरकुरायची आणि मग एकदम हलकी व्हायची. अगदी इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामासारखी! आधी महिनाभर जोर लावा, आणि हात टेकायच्या वेळी काम झटक्यात होतं.

पण बाण काही टेकणावर थांबेना. ठेवला की घसरला, ठेवला की घसरला. टेकण भलत्याच बाजूला आलंय, कारखान्याची चूक आहे, असा निष्कर्ष मी काढला. ती चूक सुधारायला टेकण उचकटलं आणि चिकटपट्टीने दुसऱ्या बाजूला गुंडाळलं.

"अहो! विषारी वायू आला तर खिडक्या बंद करायला आणलीय ती पट्टी! गावात कुठे मिळत नाहीये!"

"अगं, हे असताना वायूची काय हिंमत?"

शुक्रवारी, आप्पांचा फोन यायच्या आधी, मागच्या अंगणात चाचणी ठेवली. जुन्या गादीचा कापूस भरलेलं पोतं भिंतीला टेकवलं. मी दोरी ओढली, एक डोळा मिटला, दुसराही आपोआप मिटला, आणि बाण सोडला.

पोतं जागच्या जागी होतं. बाण मात्र नव्हता!

मग भिंतीपलीकडून "टक्" असा आवाज आला आणि पाठोपाठ आमचे शेजारी, दापोलीचे खलीलभाई, गच्चीवर धावत आले.

"ओ साहेब! मी आभाळाकडे डोळे लावून बसलोय, आणि तुम्ही शेजारून हल्ला करता होय?"

युद्धात पाणी तुटेल म्हणून त्यांनी नवीकोरी टाकी बसवली होती. तिच्या पोटात माझा बाण निम्मा घुसला होता.

"माफ करा! आलोच, काढतो!"

"खबरदार! हात लावू नका! तो आहे म्हणून पाणी थांबलंय!"

(तो बाण पुढे अख्खं युद्ध तिथेच राहिला.)

एवढ्यात नलू अंगणात आली. तिने धनुष्य उलटसुलट करून पाहिलं.

"तुमचा तो बिल सही कुठल्या हाताने करायचा?"

मी आठवून पाहिलं. दर महिन्याला माझ्याच टेबलावर वाकून करायचा... "डाव्या."

"मग हे डावखुऱ्याचं धनुष्य आहे! कारखान्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

नलू स्वतः पक्की डावखुरी. तिने पट्टी सोलून काढली, टेकण माझ्याकडून होतं तिथे परत बसवून घेतलं, उजव्या हातात धनुष्य धरलं आणि डाव्याने दोरी मागे घेतली.

"वहिनी, थांबा! मला आधी खाली उतरू द्या!" खलीलभाई ओरडले.

ते जिन्यात शिरले आणि बाण सुटला. पोत्याच्या बरोबर मधोमध! दुसरा त्याच्या शेजारी, तिसरा त्या दोघांच्या मध्ये. खलीलभाई जिन्याच्या दारातून डोकावून म्हणाले, "माशाल्ला!" मी तर उड्याच मारल्या. बायको कोणाची? माझी! धनुष्य जोडलं कोणी? मी! त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं कुरकुरली.

आत फोन वाजला. नलूनेच घेतला.

"नाही, आप्पा, मी येत नाहीये... नाही, विमानात जागा आहे. पण यांना इथे एकटं कसं ठेवू? हे शत्रूला सोडून बाकी कोणालाही बाण मारतील!... हो, धनुष्य आहे घरात, मला येतं चालवायला. तीनपैकी तीन."

मग आप्पांनी मला फोनवर बोलावलं. मी ताठ उभा राहिलो.

"जावईबापू, पोरगी माझं ऐकत नाही. राहू दे. पण उद्या हल्ला झालाच, तर तिला एकटी सोडू नका."

"छे छे, आप्पा!" मी अभिमानाने म्हणालो. "मी अगदी तिच्या पाठीमागेच उभा असेन!"