टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातली खूण

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना सगळे ‘चौकशीबाई’ म्हणत. पुस्तकातले राजे त्या भराभर उरकायच्या आणि मग मुलांना सांगायच्या, “आता आपापल्या घरचा इतिहास आणा.” कुणाचे आजोबा कुठून आले, काय काम करायचे, घरात कुठली भाषा बोलायचे, सगळं खोदून खोदून विचारायच्या. स्वतःच्या आईबद्दल मात्र अवाक्षर नाही. शेजारच्या वर्गात गणित शिकवणाऱ्या मला ते गुपित ठाऊक होतं. माझ्यासारख्या चोंबड्या माणसानं ते वीस वर्षं पोटात कसं ठेवलं, माझं मलाच कळत नाही!

एकदा वर्गातल्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनासाठी गावातल्या डॉक्टरांच्या नातीनं पणजीनं भरतकाम केलेला टेबलक्लॉथ आणला. कोपऱ्यात काळ्या शाईचे तीन ठिपके आणि एक रेघ होती.

“बाई, ही पणजीची सही का?”

माझा खडू थांबला, कान भिंतीला. ‘डाग असेल’ म्हणून बाईंना सुटता आलं असतं.

“नाही गं,” बाई म्हणाल्या, “ही माझ्या आईच्या हातची खूण. ती घरोघरचे कपडे धुवायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून कपड्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी तिनं प्रत्येक घराला एक खूण ठरवली होती. तुमच्या घराची ही.”

डॉक्टरांच्या नातीनं पेन काढलं.

“मग बाई, टेबलक्लॉथखाली लावायच्या चिठ्ठीवर पणजी आणि तुमची आई, दोघींची नावं लिहू ना? तुमच्या आईचं नाव काय?”

बाईंनी ते फळ्यावर लिहिलं, दारातून डोकावणाऱ्या मलाही वाचता येईल असं, चांगलं ठळक. मग तास संपेपर्यंत पोरांनी चौकशीबाईंचीच चौकशी केली.