तुराटीचे हर्डल

मंगरूळपीरच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो आणि एका बाईंमुळे तिथंच रेंगाळतो. त्यांचं नाव कधी विचारलं नाही; मुली मॅडम म्हणतात, म्हणून मीही मॅडमच म्हणतो. एकेकाळी हर्डल्समध्ये राज्यात पहिल्या आलेल्या या बाई आता मुलींना शिकवतात. खरे हर्डल नाहीत, म्हणून विटांच्या दोन चळतींवर तुराटी, म्हणजे तुरीचं वाळलेलं खोड, आडवी ठेवतात; असे तीन-चार अडथळे ओळीनं. जिच्या पायानं तुराटी मोडेल, तिनं उद्या नवी आणायची.

परवा आसेगावची एक नवी मुलगी तीनदा धावत आली आणि तीनदा तुराटीपुढं थबकली. डोळे भरून आले तिचे.

"थांबते कायले? मोड तिले!" बाई ओरडल्या. "एकडाव मोडून पाह्य, काही होत नाही!"

मुलगी सरळ तुराटीवरच गेली. कडाड! सगळ्या हसल्या, तीही हसली. पुढच्या खेपेला तिचा पाय तुराटीच्या वीतभर वरून गेला.

मग बाईंना काय झालं कोण जाणे! ओढणी कमरेला खोचून पन्नाशीच्या बाई स्वतःच धावत सुटल्या. पहिली पार, दुसरी पार, तिसरी कडाड! मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या स्कुटीवर तुराट्यांची अख्खी पेंढी होती.

"मॅडम, तुम्ही तर एकच मोडली होती," मी म्हटलं.

"एक कालची," त्या पेंढी सोडत म्हणाल्या. "बाकीच्या पुढच्या. आता मी बी रोज धावणार आहो."